कसब आणि कळवळा : गिटारवादनाविषयी एक विचार

कलेच्या प्रत्येक शाखेत एक जुना वाद चालत आलेला आहे. हात मोठा की हृदय मोठे, असा तो वाद. गवयांच्या बैठकीत तो 'तयारी' आणि 'भाव' या नावांनी चालतो. कीर्तनाच्या मंडपात 'पाठांतर' आणि 'कळवळा' या नावांनी चालतो. आणि हल्ली आमच्या शाळेच्या ओसरीवर, मधल्या सुट्टीत, तोच वाद गिटार या वाद्याच्या निमित्ताने ऐकू येतो. एक पक्ष म्हणतो, ज्याची बोटे विजेसारखी चालतात तोच खरा वादक. दुसरा म्हणतो, बोटांची कसरत म्हणजे संगीत नव्हे. मनात भावना असली की दोन स्वरही पुरेत. दोन्ही पक्ष आवेशाने बोलतात आणि दोहोंच्या बोलण्याने नुकसान होते, म्हणून या विषयाचा थोडा शांतपणे विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

नुकसान कोणते, असे कोणी विचारील. पहिल्या पक्षाचे ऐकून, ज्या मुलाची बोटे स्वभावतःच संथ आहेत तो समजतो की संगीत आपल्यासाठी नाही, आणि वडिलांनी जादा पाळ्या करून घेऊन दिलेले वाद्य खुंटीला टांगतो. दुसऱ्या पक्षाचे ऐकून, ज्याला सरावाचा कंटाळा आहे त्याला आळसाला झाकण मिळते. एक निराशेने वाद्य सोडतो, दुसरा अहंकाराने शिकणे सोडतो. शेवटी दोघेही मुकेच राहतात.

प्रथम हे पाहू की ज्या संगीतासाठी ही मुले गिटार हाती घेतात, त्याचा उगम कोठे आहे. आजच्या रॉक संगीताचे मूळ ब्लूज या गायनप्रकारात आहे, आणि ब्लूजचा जन्म अमेरिकेच्या दक्षिण भागात, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांत झाला. हे लोक गुलामांचे वंशज. शेतात घातलेली साद, उपासनेतील भक्तिगीते आणि श्रमाची गाणी यांतून हा प्रकार घडला. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईने आपले सुखदुःख ओवीत घातले, तसेच काहीसे हे आहे. साधारणतः १९०३ साली डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने मिसिसिपीतील टटविलर स्थानकावर एका अनोळखी माणसाला तारांवर सुरी दाबून गिटार वाजविताना ऐकले, आणि ते विलक्षण स्वर त्याच्या मनातून कधी गेले नाहीत. त्या वादकापाशी शाळा नव्हती, स्वरलेखन नव्हते. होती ती एक सुरी आणि सांगण्यासारखी गोष्ट.

यावरून कोणी म्हणेल की मग कळवळाच श्रेष्ठ ठरला. थोडे थांबावे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात धाडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि मानवजातीची ओळख म्हणून तिच्यावर निरनिराळ्या देशांतील सत्तावीस संगीतकृती कोरलेल्या आहेत. त्यांपैकी तीन आपल्या विषयासाठी जणू मुद्दाम निवडल्यासारख्या आहेत.

पहिली ब्लाइंड विली जॉन्सन याची. टेक्सासचा हा अंध गायक रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून ख्रिस्ती गीते गात असे. १९२७ च्या डिसेंबरात डॅलस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या या कृतीचे नाव गेथशेमाने बागेतील प्रभूच्या यातनांवरील एका जुन्या उपासनागीतावरून आले आहे; परंतु गायकाने त्यात एकही शब्द उच्चारलेला नाही. केवळ गुणगुणणे आणि तारांवरून घसरत जाणारा स्वर. दुसरी कृती गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची, भैरवीतील. केसरबाईंनी अनेक गुरूंपाशी शिकून १९२१ पासून उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची कठोर तालीम वर्षानुवर्षे घेतली. त्यांचा दमसास, खुला आकार आणि पेचदार ताना यांविषयी जाणकार आजही आदराने बोलतात. तिसरी चक बेरी याची १९५८ मधील रॉक संगीताची कृती. एका खेडवळ गिटारवादक मुलाचे ते उत्साही, वेगवान गीत आहे.

आता विद्यार्थ्यांनी ही तीन गीते एकामागून एक ऐकावीत. जॉन्सन याची ती कृती अडाणी आहे काय? मुळीच नाही. घसरत्या स्वराला पडद्याचा आधार नसतो. केसभर पुढेमागे झाले की स्वर बेसूर होतो. तो अंध माणूस प्रत्येक स्वर नेमक्या जागी थांबवितो, आणि गळ्यातील गुणगुण तारेच्या स्वराशी अशी जुळविली आहे की कोणता स्वर माणसाचा आणि कोणता वाद्याचा हे क्षणभर कळत नाही. उलट, केसरबाईंचे गाणे केवळ कसरत आहे काय? तेही नाही. एवढी तालीम झालेला गळा भैरवीची आर्तता किती सहज उचलतो! म्हणजे ज्याला आपण कळव्याचा नमुना म्हणतो त्यात कसब दडलेले आहे, आणि ज्याला कसबाचा नमुना म्हणतो त्यात कळवळा मुरलेला आहे.

हे तंत्राच्या अंगाने अधिक स्पष्ट करू. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. पण ब्लूजमधील अत्यंत करुण स्वर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या जागी असतो, आणि त्या जागी पडदा नाही. म्हणून वादक तार पडद्यावर दाबून बोटाने आडवी ओढतो. ताण वाढतो आणि स्वर चढतो. सतारीवरील मींड याच तत्त्वावर निघते. आता मनात कितीही दुःख असो, तार थोडी कमी ओढली गेली तर श्रोत्याला दुःख ऐकू येत नाही. बेसूर ऐकू येते. भावना वादकाच्या अंतःकरणात असते खरी, पण श्रोत्याकडे ती केवळ बोटाच्या वाटेने जाते. वाट बंद असेल तर आतले धन आतच राहणार.

रॉबर्ट जॉन्सन (१९११–१९३८) या ब्लूज वादकाची आख्यायिका विद्यार्थ्यांना फार प्रिय आहे. प्रारंभी त्याला धड वाजविता येत नसे, पुढे तो काही काळ दिसेनासा झाला, आणि परत आला तो असा वाजवू लागला की लोक म्हणाले, याने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला. सत्य इतके भयंकर नाही, पण अधिक उपयोगी आहे. त्या काळात तो आईक झिमरमन नावाच्या एका अनुभवी वादकापाशी राहून शिकत होता, आणि कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून दोघे रात्री स्मशानभूमीत जाऊन सराव करीत, असे सांगतात. लोकांना मेहनत दिसली नाही, म्हणून त्यांनी सैतानाला श्रेय दिले. आमच्या मते सैतानाला न मिळविलेले श्रेय देण्याचे काही कारण नाही.

मग केवळ वेग हा दोष आहे काय? तसेही नाही. आनंद, क्रोध, उन्माद यांना वेग लागतो. १९७८ साली एडी व्हॅन हेलन याने दोन मिनिटांहूनही लहान अशा एका वादनकृतीत दोन्ही हातांची बोटे तारांवर आपटून जो वेग साधला, त्याने जगभरचे तरुण थक्क झाले. त्यात हर्ष आहे, म्हणून ते संगीत आहे. आपल्या रंगभूमीवरही बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) मृदू आर्जव होते आणि मास्टर दीनानाथांची (१९००–१९४२) झळाळती तानही होती. महाराष्ट्राने दोघांवर प्रेम केले. दोष वेगाचा नव्हे, प्रयोजनहीन वेगाचा आहे. बी. बी. किंग (१९२५–२०१५) यांना गिटारचे पहिले धडे देवळातील एका पाळकाने दिले. त्यांच्याहून जलद वाजविणारे शेकडो होते. पण डाव्या हाताच्या कंपाने ते एका स्वराला असे बोलके करीत की तो एक स्वर ऐकून वादक कोण हे जाणकार सांगत. एक ओळ गावी, मग थांबावे, आणि गिटारने उत्तर द्यावे, ही त्यांची रीत होती. ती थांबण्याची जागा हेही कसबच आहे, आणि ते सर्वांत उशिरा येते.

आमच्या चिखली, तळवडे, भोसरी या भागातील मुलांना एक उदाहरण विशेष जवळचे वाटेल. १९६५ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी सतरा वर्षांचा टोनी आयोमी हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्याने नेमकी तीच बोटे तारा दाबण्याची होती. प्रेस मशीन म्हणजे काय हे ज्यांच्या घरात ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तेव्हा कारखान्यातील मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट याची ध्वनिमुद्रिका ऐकविली. १९२८ साली आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी होऊनही, उरलेल्या दोन बोटांवर जँगो युरोपातील अग्रगण्य गिटारवादक झाला होता. टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा चढविल्या, आणि पुढे तारांचा ताण सैल करून स्वर खाली उतरविला. त्या सैल, जड, गंभीर नादातून ब्लॅक सबाथ या वाद्यवृंदाचे संगीत घडले व १९७० नंतर एका नव्या प्रकाराचा पाया घातला गेला. आपल्याकडे कुमार गंधर्वांचे (१९२४–१९९२) चरित्र असेच आहे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाले. दीर्घ तानांचा मार्ग अडला. त्यांनी लहान लहान, धारदार स्वरवाक्यांतून आपली गायकी नव्याने उभी केली. या तिघांनी 'आमच्यात भाव आहे, तेवढा पुरे' असे म्हटले नाही. उरलेल्या सामर्थ्यातून नवे कसब घडविले; आणि ते घडविण्याचे बळ त्यांना कळवळ्याने दिले.

मागे एकदा आमच्या एका विद्यार्थ्याने शेजारच्या घरी, कर्ता पुरुष गेल्यानंतरच्या प्रार्थनेत गिटारची साथ केली. त्याला त्या वेळी मोजके पाच-सहा स्वरमेळ येत होते. पहिल्या कडव्यालाच त्याच्या ध्यानी आले की रडून बसलेले गळे वरच्या स्वराला पोहोचत नाहीत. त्याने दुसऱ्या कडव्याच्या आधी क्षणभर थांबून सर्व गीत दोन स्वर खाली घेतले, आणि हळूहळू घरातील माणसे गाऊ लागली. ती गरज ओळखणे हा कळवळा, आणि त्या घडीस स्वरमेळ बदलता येणे हे कसब. एक असून दुसरे नसते, तर ते घर त्या दिवशी गाऊ शकले नसते.

पवित्र शास्त्रानेही दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. तेहतिसाव्या स्तोत्रात देवासाठी कौशल्याने वाजविण्याची आज्ञा आहे. शौल राजाच्या सेवकांनीही त्याच्या व्याकुळतेवर उपाय म्हणून वीणावादनात निपुण माणूसच शोधला, आणि दावीद सापडला. पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल बजावतो की प्रीती नसलेली वाणी म्हणजे नुसता झांजेचा खणखणाट. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच ओळखले होते. परक्या चालींवर बेतलेली भाषांतरित गीते स्वरांना बिनचूक असूनही आपल्या लोकांच्या अंतःकरणाला भिडत नाहीत, हे पाहून त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन व कीर्तन यांना मानाचे स्थान दिले.

आणि आमच्या गावाला तर हा धडा दूर शोधावयास नको. तुकोबांच्या टाळाशी नाव जोडले गेल्यामुळे चिखलीला टाळगाव चिखली म्हणतात. टाळ हे सर्वांत सोपे वाद्य; लहान मूलही वाजवील. पण भजन चढत असता लय ना पुढे धावू देणे, ना मागे रेंगाळू देणे, आणि शेकडो टाळांत आपला टाळ वेगळा ऐकू येणार नाही असा मिळविणे, याला वर्षे लागतात. उत्तम टाळकरी तो, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि ज्याच्यावाचून भजन उभे राहत नाही.

तेव्हा अभ्यासाची रीत कशी असावी? पहिली गोष्ट, जे वाजवावयाचे ते आधी गळ्याने गाऊन पाहावे. जे गाता येत नाही ते बोटे केवळ पाठ म्हणतात. दुसरी, प्रत्येक नवा पाठ तालयंत्राबरोबर अत्यंत संथ वाजवावा. प्रत्येक स्वर स्वच्छ निघाल्यावाचून गती वाढवू नये. तिसरी, तार ओढून काढलेला स्वर त्याच उंचीच्या पडद्यावरील स्वराशी रोज ताडून पाहावा. चौथी, आठवड्यातून एकदा केवळ तीन स्वर घेऊन पाच मिनिटे वाजवावे. श्रीमंती काढून घेतली म्हणजे माणसाला बोलणे किती येते ते कळते. पाचवी, जितका वेळ वाजविण्यास द्यावा त्याच्या निम्मा तरी ऐकण्यास द्यावा, आणि तो एकट्याने नव्हे, मित्रांसह द्यावा.

अखेरीस श्रोत्यांसही एक विनंती. स्नेहसंमेलनात ज्याची बोटे जलद चालतात त्याला टाळ्या अवश्य द्या. त्याने त्यासाठी रात्री जागविल्या आहेत. पण ज्याने एक साधे गीत नेटके, सुरेल आणि मनापासून वाजविले, त्यालाही तितक्याच द्या. कदाचित तो वाद्य खुंटीला टांगण्याच्या विचारात असेल, आणि तुमच्या टाळ्यांनी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला बसेल.