म्हशीच्या पाठीवरची कविता

प्रश्न : यजमानांचं काम सुटून आठ महिने झाले. घरात सासूबाई आजारी, दोन्ही मुलं शाळेत. भेटेल तो एकच सांगतो, 'पॉझिटिव्ह राहा.' परवा वाचनालयातून आनंद यादवांचं 'झोंबी' आणलं, आमच्याच गावचं म्हणून. वाचताना सारखं मनात येत होतं, एवढ्या हालात त्या पोरानं उमेद टिकवली कशी? तो मुळातच आनंदी स्वभावाचा होता का? आणि माझा स्वभाव तसा नसेल, तर मी काय करायचं?
— एक वाचक, कागल

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आठ महिने हा थोडा काळ नाही. एवढं सोसूनही तुम्ही वाचनालयाची पायरी चढलात, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आधी स्वभावाचं बोलू. 'झोंबी'तला आंदा, म्हणजे लहानपणचे यादवच, हसतमुख नाही. तो रडतो, चिडतो, बापाच्या माराला भितो. आनंद यादव १९३५ साली कागलात जन्मले, 'झोंबी' १९८७ साली आलं आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तोवर ते पुण्यात मराठीचे नावाजलेले प्राध्यापक आणि लेखक झाले होते. तरी लिहिताना त्यांनी मागचं दुःख गोड करून सांगितलं नाही. आणि नाव काय दिलं? झोंबी. तुमच्या भागात तालमी आहेत, तेव्हा अंगाला अंग भिडवण्याचा अर्थ मी काय सांगावा! झोंबी घेणाऱ्याचा चेहरा काही हसरा नसतो.

मग त्यानं केलं काय? पुस्तकातली एकच जागा पुन्हा उघडून पाहा. शाळा सुटलेली आहे, बापानं मळ्यात जुंपलंय. मनातलं बोलायला तो वेळ कोणती निवडतो? गुऱ्हाळ संपल्यानंतरची. मळ्यातलं काम हलकं झालंय, आई उन्हात शेणी थापत बसली आहे आणि तिथं तो शाळेचा विषय काढतो. आई बिचारी काय करणार, नवऱ्यापुढं तिचं चालत नाही. म्हणून मायलेकरं रात्री दत्ताजीराव देसायांकडं जातात. गावात ज्यांचा शब्द बाप मोडणार नाही, असा तो एक माणूस. आम्ही येऊन गेलो हे सांगू नका, अशी विनवणी करतात. मग दत्ताजीरावांचं बोलावणं येतं, बाप जातो, आणि थोड्या वेळानं जेवायला हाक मारायच्या निमित्तानं पोरगाही तिथं पोचतो. सगळं आधी ठरवलेलं! एवढंसं पोरगं, पण कुठं जोर लावायचा हे त्याला कळलं होतं.

पदरात पडलं तेही अर्धमुर्धं. सकाळी अकरापर्यंत मळा, मग शाळा, शाळेनंतर गुरं. मळ्यात काम जास्त असेल त्या दिवशी शाळेला बुट्टी. बापानं घातलेल्या या अटी त्यानं मुकाट मान्य केल्या. तुमच्याच गावच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. पण पुढचं शिकायला या पोराला घरातच असा सौदा करावा लागला.

आणि शाळेचा पहिला दिवस? वर्गातली पोरं टिंगल करतात, अंगावरचं फडकं हिसकावतात. घरी परतताना त्याच्या मनात येतं, नको ही शाळा, आपला मळाच बरा. सकाळ होते आणि तो पुन्हा निघतो. मधे कुणी समजूत घातली नाही, काही चमत्कारही झाला नाही. संध्याकाळी उमेद गेली म्हणजे कायमची गेली असं नसतं, हे मला तिथं कळलं. तुमची रात्री गेली तर स्वतःला दोष देऊ नका.

पुढं सौंदलगेकर मास्तर भेटतात. कविता शिकवताना रंगून जाणारे, दारातल्या वेलीवर स्वतः कविता करणारे. कवी हा आपल्यासारखाच हाडामासाचा माणूस असतो, हे पोराला पहिल्यांदा दिसतं. पूर्वी उसाला पाणी पाजताना एकटेपणा त्याला खायला उठायचा. आता एकटं असलं की बरं वाटू लागलं, कारण मोठ्यानं म्हणता येतं, हातवारे करता येतात. म्हशी राखताना कागद नसे, तर काटकीनं म्हशीच्या पाठीवर ओळी ओढायच्या, नाहीतर खड्यानं दगडावर. पाठ झाल्या की पुसून टाकायच्या. मळा तोच, पाणी तेच, बापही तोच.

मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या म्हशीच्या पाठीवर आहे. मन प्रसन्न ठेवायच्या खटपटीला तो लागलाच नाही. एक माणूस गाठला, मिळाल्या अटी घेतल्या, आणि दिवसातलं थोडं काहीतरी स्वतःचं करून ठेवलं. तुम्ही वाचनालयात गेलात ते तसंच. ते सोडू नका, अगदी घरकामाच्या गर्दीतही.

'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांशी वाद नको. त्यांतल्याच कुणाला नेमकं काम सांगून पाहा : सासूबाईंजवळ दोन तास बसाल का? यांच्यासाठी अमुक ठिकाणी शब्द टाकाल का? आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडं जा, किंवा सरकारच्या 'टेली-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. यजमानांनाही तो क्रमांक दाखवा; आठ महिने घरी बसलेला पुरुष बहुधा आपण होऊन काही बोलत नाही.

तुमच्या गल्लीतले दत्ताजीराव कोण, याचा तेवढा विचार करा. त्यांच्याकडं जाऊन आलात की मला पुन्हा पत्र पाठवा. मी वाट पाहीन.