क्यूआर कोडचा पाठात उपयोग

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत छापलेला क्यूआर कोड २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या ॲपने वाचला असता पाठास पूरक अशी चित्रफीत अथवा स्वाध्याय उघडतो. तथापि ऐन तासाला रेंज गेली म्हणजे सारा वर्ग शिक्षकाच्या मोबाइलकडे पाहत बसतो. हा वेळ मुलांचा वाया जातो. यास्तव शिक्षकबंधुभगिनींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. रेंज मिळेल तेथे आदल्या दिवशीच साहित्य डाउनलोड करावे. मग ते इंटरनेटवाचून चालते.

२. चित्रफीत स्वतः संपूर्ण पाहावी. ती कोठे थांबवावयाची व कोणता प्रश्न विचारावयाचा, हे टाचणात लिहावे.

३. मोबाइलचा पडदा लहान असतो. म्हणून पाच-सहा मुलांचे गट पाडून आळीपाळीने दाखवावे; इतर गटांस त्याच पाठावरील लेखी काम द्यावे.

४. चित्रावर थांबू नये. मुळांचे प्रकार दाखविल्यावर गवताची तंतुमुळे व मेथीचे सोटमूळ मुलांच्या हाती द्यावे.

५. मोबाइल बंद पडल्यास घेता येईल असा फळ्यावरील पाठ सदैव तयार असावा.

तासाअखेर मोबाइल बाजूस ठेवून दोन प्रश्न विचारावेत. उत्तरे न आल्यास मुलांनी चित्रे पाहिली, पाठ शिकला नाही, असे समजून तो पुन्हा घ्यावा.