छायाचित्रण : पाहण्याचा अभ्यास

निवासी शाळेतील विद्यार्थ्याला छायाचित्रण शिकवावे काय, असा प्रश्न पालक आम्हांस वरचेवर विचारतात. मोबाइलमुळे मुलांचा अभ्यास बुडतो ही त्यांची तक्रार रास्त आहे. परंतु मोबाइल हाती असणे वेगळे आणि छायाचित्रण शिकणे वेगळे. पहिल्यात बोट चालते, दुसऱ्यात डोळा आणि विचार चालतो. आमच्या एका विद्यार्थ्याने इयत्ता नववी व दहावीच्या दोन वर्षांत हा अभ्यास कसा केला, त्यासाठी त्याने कोणाकोणाला गुरुस्थानी मानले आणि त्यातून आपल्या समाजाने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मुलगा बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या घरचा. आई-वडील दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वडिलांचा जुना मोबाइल एवढेच त्याचे साधन होते.

प्रकाशाची ओळख

अभ्यासाची सुरुवात मोबाइल बाजूला ठेवूनच झाली. वसतिगृहातील एका खोलीच्या खिडकीला काळा कागद लावून त्याला लहानसे गोल छिद्र पाडले. भर दुपारी दार लावून घेतले, तेव्हा समोरच्या भिंतीवर बाहेरचे कडुनिंब आणि पाण्याची टाकी उलटी उमटलेली मुलांनी पाहिली. प्रकाश सरळ रेषेत जातो. म्हणून झाडाच्या शेंड्याकडून आलेला किरण भिंतीवर खाली पडतो आणि बुंध्याकडून आलेला वर. सुमारे १००० वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब विद्वानाने अशा प्रयोगांतून प्रकाशाचे हे वर्तन अभ्यासले होते. 'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी खोली असा आहे. भिंतीवरची ही प्रतिमा रसायनांच्या साहाय्याने टिकवून ठेवण्याची कला मात्र फार उशिरा साधली. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेर यांची पद्धती जगापुढे मांडली गेली. तोच दिवस आज जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळला जातो.

हा प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्याला ओळखीच्याच गोष्टी नव्याने दिसू लागल्या. कडुनिंबाच्या सावलीत जमिनीवर पडणारे उन्हाचे गोल ठिपके पानांच्या आकाराचे नसतात. पानांमधील फटी छिद्राचे काम करतात आणि प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा असते. म्हणूनच २६ डिसेंबर २०१९ च्या खंडग्रास सूर्यग्रहणात झाडांखाली कोरीच कोरी दिसल्या होत्या. ग्रहणात घराबाहेर पडू नये, अन्न शिजवू नये, असे सांगणाऱ्या समजुतींना शाळेच्या अंगणातील एका झाडानेच उत्तर द्यावे, यापेक्षा चांगला विज्ञानाचा तास कोणता?

वाटाण्याचे रोप आणि अजिंठ्याचा अंधार

या विद्यार्थ्याचे पहिले गुरू दादासाहेब फाळके. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके आपणांस भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ठाऊक आहेत. परंतु त्याआधी ते छायाचित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले, गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसायही केला. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली आला. तत्पूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची रोज थोडी थोडी चित्रे घेतली आणि बीज अंकुरून वेल होण्याचा महिनाभराचा प्रवास पडद्यावर मिनिट-दोन मिनिटांत दाखवला. या छोट्याशा पटामुळेच त्यांच्या पुढील कामास भांडवल मिळाले.

आमच्या विद्यार्थ्याने वाटाण्याऐवजी तूर पेरली. मोबाइल एकाच विटेवर, एकाच कोनात, सकाळच्या प्रार्थनेनंतर एकाच वेळी ठेवायचा, असा नियम त्याने स्वतःस घालून घेतला. छत्तीस दिवसांची छत्तीस चित्रे जमली. त्यांतील चार ढगाळ हवेमुळे काळवंडली. पण ढग आले की प्रकाश कसा बदलतो, हे त्याला याच चार चित्रांनी शिकवले.

दुसरा धडा अजिंठ्याचा. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने तेथील भित्तिचित्रांच्या मोठ्या रंगीत प्रतिकृती काढल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्यांपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या. गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला आणि लेण्यांची छायाचित्रे काढली. मात्र लेण्यांतील अंधार हा प्रत्येकापुढचा प्रश्न होता. तीव्र दिव्यांच्या झोताने चित्रांच्या रंगांना इजा पोचते, म्हणून तेथे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. बिनॉय बहल यांनी १९९१ साली अजिंठ्याची चित्रे टिपली, ती अत्यंत मंद प्रकाशात, कॅमेऱ्याचा पडदा दीर्घकाळ उघडा ठेवून. अंधारातही प्रकाश असतो, तो साठण्यास वेळ द्यावा लागतो.

यातील तंत्र सोपे आहे. हौदात पाणी भरायचे तर नळ मोठा सोडून थोडा वेळ भरता येते किंवा बारीक धारेने बराच वेळ. छिद्र किती मोठे आणि पडदा किती वेळ उघडा, या दोन गोष्टींचा हिशेब म्हणजे छायाचित्रणाचे अर्धे गणित होय. सेकंदाच्या पाचशेव्या भागात घेतलेल्या चित्रात धावणारी कबड्डीपटू जागच्या जागी थिजते. तिसाव्या भागात तिचे हातपाय धूसर होतात. तिसरी गोष्ट संवेदनक्षमता. ती वाढवली की कमी प्रकाशात चित्र येते, पण त्यावर दाणे उमटतात.

पांढरी वस्त्रे आणि सावळे चेहरे

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची चित्रे काढण्याचे काम या विद्यार्थ्याकडे आले. सर्वांची वस्त्रे शुभ्र, मागचा पडदाही शुभ्र. आणि चित्रांत वस्त्रे करडी, चेहरे मात्र काळोखात बुडालेले. मोबाइल बिघडला असावा, असे त्याला वाटले. वस्तुतः कॅमेरा समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून प्रकाश मोजतो. पांढरे फार दिसले की तो प्रकाश कमी करतो आणि त्याची झळ चेहऱ्यांना बसते. उपाय असा, की पडद्यावर माणसाच्या चेहऱ्यावर बोट ठेवावे, बाजूला दिसणारे सूर्याचे चिन्ह किंचित वर सरकवावे आणि मग चित्र घ्यावे. शक्य तर माणसास दाराच्या किंवा खिडकीच्या सौम्य उजेडाकडे तोंड करून बसवावे.

येथे एक भेद मुलांना स्पष्ट करून सांगावा लागतो. चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश आणणे म्हणजे चेहरा गोरा करणे नव्हे. बहुतेक मोबाइलमध्ये त्वचा आपोआप उजळ व गुळगुळीत करणारी सोय असते. आमच्या वर्गात ती प्रथम बंद केली जाते. ज्या समाजाने रंग, जन्म आणि वस्ती यांवरून माणसाची किंमत ठरवली जाताना पाहिली, त्याच्या मुलांनी आपल्याच आजीचा सावळा, सुरकुतलेला चेहरा यंत्राकडून खोडून घेऊ नये. तो आहे तसा, स्पष्ट आणि सन्मानाने दिसावा, एवढेच छायाचित्रकाराचे काम.

कॅमेरा कोणाच्या हाती?

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी त्या काळातील महाल, दरबार आणि शिकारी यांची देखणी चित्रे काढली. त्याच काळात आपल्या खेड्यांतील वेशीबाहेरच्या वस्तीत कॅमेरा पोचण्याचे कारणच नव्हते. आजही अनेक घरांत आजोबांचे एकच चित्र असते, तेही एखाद्या ओळखपत्रावरचे. पुढे आमच्याकडे कॅमेरे आले ते बहुधा दुष्काळाच्या वा संकटाच्या वेळी. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा बीडचे नाव देशभर पोचले. तो प्रश्न जगापुढे येणे आवश्यकच होते. पण भेगाळलेली जमीन आणि कोयता एवढीच आपली ओळख राहिली, तर आपले उरलेले जगणे कोण टिपणार?

या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला दोन छायाचित्रकारांत सापडले. पहिले अमेरिकेतील गॉर्डन पार्क्स. १९१२ साली कॅन्सस राज्यातील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रेल्वेत वाढप्याचे काम करताना त्यांनी एका मासिकात स्थलांतरित शेतमजुरांची छायाचित्रे पाहिली, आणि गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. वर्णभेद आणि दारिद्र्य यांविरुद्धचे शस्त्र म्हणून त्यांनी कॅमेरा निवडला. १९४२ साली वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना त्यांनी राष्ट्रध्वजासमोर, झाडू आणि पोछ्यासह उभे केले. ते चित्र जगप्रसिद्ध झाले. परंतु त्यावर न थांबता पार्क्स त्यांच्या घरी गेले, त्यांच्या नातवंडांत आणि प्रार्थनास्थळी वावरले, ही गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे.

दुसरे आपल्या महाराष्ट्रातील सुधारक ओलवे. १९८८ पासून वृत्तपत्र-छायाचित्रकार म्हणून काम करणाऱ्या ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवल चित्रांतून मांडले. महानगर ज्यांच्या श्रमांवर दररोज स्वच्छ होते, त्या बहुसंख्येने दलित असलेल्या कामगारांकडे पाहण्याचे टाळणाऱ्या शहराला त्यांनी पाहण्यास भाग पाडले. या मालिकेच्या शीर्षकात त्यांनी शोध मांडला आहे तो प्रतिष्ठेचा आणि न्यायाचा. नॅशनल जिऑग्राफिक संस्थेने त्यांना गौरवले आणि २०१६ साली भारत सरकारने पद्मश्री दिली. त्यांचे काम पाहून आमच्या विद्यार्थ्याने वहीत एकच प्रश्न लिहिला : "हा माणूस कॅमेऱ्याकडे घाबरून का पाहत नाही?" उत्तर त्याला पुढे मिळाले. ज्याला आपण परके वाटत नाही, तोच आपल्याकडे न घाबरता पाहतो.

आईचे छायाचित्र

उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थी गावी गेला, तो आईची चित्रे काढण्याचे ठरवूनच. हातात कोयता, डोक्यावर मोळी, असे चित्र त्याच्या मनात तयार होते. आई म्हणाली, "कोयता नको रे बाबा. लुगडं बदलून येते. आजीला पण बसव शेजारी." तिला कडुनिंबाखाली बसायचे होते, पण तेथे उन्हाचे तेच गोल ठिपके चेहऱ्यावर पडत होते. मग दोघींना ओसरीच्या उंबऱ्यालगत, सौम्य उजेडात बसवले. आजीने भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर मागे दिसेल अशी जागा स्वतः निवडली. चित्र झाल्यावर आईने ते निरखून पाहिले आणि पुढच्या हंगामात फडावर आलास तर तेथलेही काढ, असे आपणहून सांगितले.

दिवाळीच्या सुटीत तो कोपीवर जाऊन आला. पहाटेच्या काळोखात चूल पेटवणारी, बैलगाडीवर मोळ्या रचणारी, दुपारी उसाच्या सावलीला पाय पसरून मैत्रिणींशी हसणारी आई त्याने टिपली. या चित्रांत कष्ट आहेत, पण केवळ कीव नाही. कारण कोणते चित्र आधी काढायचे, हे तिने ठरवले होते. आमच्या मते दोन वर्षांच्या अभ्यासाचे खरे फळ हेच.

घरी आणि शाळेत करावयाचा अभ्यास

ज्यांना हा अभ्यास करावयाचा असेल, त्यांच्यासाठी क्रम असा :

१. पहिला महिना मोबाइलविना. छिद्राची खोली करावी. एकाच भिंतीवर सकाळ, दुपार, सायंकाळ प्रकाश कसा बदलतो याची वहीत नोंद ठेवावी.

२. दुसरा महिना एका रोपाचा. रोज एक चित्र, एकच जागा, एकच वेळ.

३. तिसरा महिना एका माणसाचा. कुंभार, चांभार, शिंपी, आशाताई, स्वयंपाकाच्या मावशी, कोणीही असो. पहिले दोन दिवस फक्त बोलावे, कामात हात लावावा, मग परवानगी घेऊन चित्र काढावे. काढलेले चित्र त्या व्यक्तीला आधी दाखवावे. नको म्हटल्यास पुसावे.

४. प्रत्येक चित्राखाली कोण, कोठे, केव्हा, काय करीत, हे लिहावे. अमेरिकेतील लुईस हाइन हे मूळचे शिक्षक. १९०८ पासून गिरण्या-खाणींतील बालमजुरांची चित्रे काढताना ते मुलांचे वय आणि काम टिपून ठेवत. मुलाची उंची स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांशी ताडून पाहत. या नोंदींमुळेच त्यांची चित्रे बालमजुरीविरोधी चळवळीत पुरावा ठरली.

५. रडणारे, आजारी वा अत्याचारग्रस्त मूल ओळखू येईल असे चित्र कोणालाही पाठवू नये. हा नियम शिक्षक आणि पालक यांनाही लागू आहे.

तथागतांच्या धम्माचे एक विशेषण आपण वंदनेत नेहमी उच्चारतो, 'एहिपस्सिको'. या आणि स्वतः पाहा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पाहून पारखून घ्या, ही शिकवण छायाचित्रणाच्या विद्यार्थ्याला रोज उपयोगी पडते.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरच्या पेटीत, गाठोड्यात वा कपाटात जुनी छायाचित्रे असतील : आजी-आजोबांची, जयंतीच्या मिरवणुकीची, पहिल्या पक्क्या घराची, शाळेच्या पहिल्या तुकडीची. ती ओलसर भिंतीवर किंवा काचेला चिकटवून ठेवू नयेत. खिडकीच्या उजेडात, सपाट ठेवून, फ्लॅशविना त्यांची प्रत घ्यावी. मागील बाजूस शाईने न लिहिता मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहावे, आणि हे काम घरातील वडीलधारी माणसे सांगण्यास समर्थ आहेत तोवरच करावे. नाव नसलेला चेहरा दोन पिढ्यांत अनोळखी होतो. नावे मात्र लिहून ठेवली, तर आज शाळेत कॅमेरा हाताळू लागलेल्या मुलांना आपल्या वस्तीचा इतिहास इतरांकडून मागावा लागणार नाही.