पावसाळी लाइनचं दुसरं टोक

प्लॉट घेताना लोक सातबारा पाहतात, एनएचा आदेश पाहतात, रस्ता किती मीटरचा ते मोजतात, पाण्याची टाकी किती लिटरची ते विचारतात. पावसाचं पाणी कुठे जातं, हे क्वचितच कुणी विचारतं. विचारलंच तर रस्त्याकडेच्या लोखंडी जाळ्या दाखवल्या जातात. पुण्याबाहेरच्या आमच्या प्लॉटिंगमध्येही जाळ्या होत्या, चेंबर होते, मंजूर नकाशावर निळ्या रेघेने काढलेली पावसाळी लाइनही होती. नव्हतं ते तिचं दुसरं टोक.

आठ एकरांची, हलक्या उताराची जागा. सगळं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या एका ह्यूम पाइपात यायचं आणि तो पाइप कंपाउंडच्या भिंतीबाहेर जेमतेम हातभर जाऊन उघड्यावर संपायचा. समोर कांद्याचं रान. ओढा त्याच्याही पलीकडे, दोन बांध ओलांडून. घरं कमी होती तोवर कुणाला काही जाणवलं नाही, कारण मोकळे प्लॉट पाणी पीत होते. मग रस्ते डांबरी झाले, अंगणांत पेव्हर ब्लॉक बसले, आणि परतीच्या पावसाच्या एका संध्याकाळी त्या रानातलं लावणीला आलेलं कांद्याचं रोप वाहून गेलं. शेतकऱ्याने पाइपाच्या तोंडात मुरमाची पोती कोंबली. पुढच्या पावसात पाणी मागे तुंबलं आणि खालच्या रांगेतल्या घरांत गुडघाभर शिरलं. ओसरल्यावर पाहिलं तर धान्याच्या कोठ्या, मुलांची दप्तरं, देव्हारा, सगळ्यावर लाल चिखलाचा थर.

आमच्यातले काही जण पोलिसांत तक्रार द्यायला निघाले होते. त्याआधी मी त्या शेतकऱ्याच्या वस्तीवर गेले. ते म्हणाले, “ताई, पाऊस काय आजच पडायला लागलाय का? आधी तुमच्या जागेत ज्वारी व्हायची. पाणी मुरायचं, राहिलेलं बांधाबांधानं पसरून यायचं. आता तुम्ही सगळं एका भोकातनं माझ्या रानात सोडताय.” त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तक्रार दिली नाही.

नंतर नेमलेल्या इंजिनिअरने हीच गोष्ट आकड्यांत मांडली. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका एकरावर दोन लाख लिटरांहून जास्त पाणी पडतं. आठ एकरांवर सोळा लाख, म्हणजे सेकंदाला साधारण साडेचारशे लिटर. त्यातलं काही बागांत, कडेच्या मातीत मुरतं; तरी साडेतीनशेच्या आसपास लाइनकडे धावतं. आमचा पाइप ३०० मिलिमीटर व्यासाचा. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहतंय असं धरलं, तर पूर्ण भरूनही त्यातून ७० लिटर जातात. हा हिशोब दहावीतल्या मुलालाही जमेल, आणि तो मंजुरीच्या फायलीत कुठेही नव्हता. म्हणून नवीन प्लॉटिंगमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारायला सांगते: तासाला किती पाऊस धरून लाइन टाकली? मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातला निम्माच गटारात येईल, असं धरून बांधलेली होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ते माप ५० मिलिमीटरवर नेलं आणि पाणी मुरेल ही आशा सोडली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या अहवालातलं बरंचसं काम व्हायचं होतं. आपल्या प्लॉटिंगवाल्याने कोणताच आकडा धरलेला नसेल, तर पाइप चुन्याने रंगवलेला असला काय आणि नसला काय.

दुसरं, लाइन शेवटाकडून पाहा. गेटजवळच्या जाळ्या सगळेच दाखवतात. तुम्ही खालच्या कोपऱ्यात जा, भिंतीबाहेर जा, पाइप जिथे उघडतो तिथून ओढ्यापर्यंत पायी चाला. वाटेत कुणाची जमीन लागते ते गट नकाशावर पाहा. त्याच नकाशावर तुमच्या प्लॉटिंगमधून जाणारा एखादा ओढा दिसतो का, तेही पाहा. जागेवर तो दिसत नसेल तर बुजवलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे ओढे-नाले सरकारच्या मालकीचे असतात, ते बुजवून प्लॉट पाडायचा अधिकार कुणालाही नाही. पाण्याला मात्र जुनी वाट पक्की ठाऊक असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर अंतर्गत रस्ते, मलवाहिनी, पावसाळी गटारं यांची नोंद स्वतंत्रपणे असते. ती पाहा, आणि जागेवर जाऊन ताडून पाहा. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) खाली सेवासुविधांमधले दोषही विकासकाने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. आम्ही लेखी नोटीस दिली, फोटो जोडले, बरीच ओढाताण झाली. अखेर मोठ्या पाइपांचा खर्च त्याच्याकडून निघाला. तोंडी बोलण्यात आधीची दोन वर्षं वाया गेली होती.

एक गोष्ट कुणीच करू नका: पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका. घाईघाईने तो मार्ग अनेक सोसायट्या धरतात आणि मग मैलापाणी संडास-बाथरूममधून उलटं वर येतं.

नवीन लाइन त्याच शेतकऱ्याच्या बांधाकडेने, जमिनीखालून थेट ओढ्यापर्यंत नेली. त्यांनी जागेचा रीतसर मोबदला घेतला आणि दोन अटी घातल्या: वर एक मीटर माती हवी, म्हणजे नांगर लागणार नाही, आणि दर मे महिन्यात चेंबरमधला गाळ आम्ही काढायचा. दोन्ही अटी रास्तच होत्या. पण सगळ्यात महत्त्वाचं काम दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात झालं. पाइपाच्या वहिवाटीचा करार आम्ही नोंदवून घेतला. “माझा शब्द आहे की,” असं ते म्हणत होते, आणि तो शब्द त्यांनी पाळलाच असता. पण आमच्या भागात जमिनी भराभर विकल्या जातात, आणि उद्या त्या रानावर दुसरं प्लॉटिंग पडलं, तर नव्या मालकाला हा पाइप कागदावर दिसायला हवा.