श्रवणयंत्र : आवाज वाढवावा, पण किती?

'आवाज येतो, पण शब्द कळत नाही,' ही उतारवयातील नेहमीची तक्रार. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात अंतर्कर्णातील संवेदनपेशी झिजतात आणि प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. आ, ओ हे स्वर जाड व जोरकस असल्याने ऐकू येतात. स, श, थ ही व्यंजने मात्र बारीक व क्षीण. त्यांचा बराचसा भाग 2000 हर्ट्झच्या वर असतो. तो गळाला की 'साठ' आणि 'आठ' यांत फरक उरत नाही.

अशा रुग्णाला सगळेच आवाज सारखे वाढवून दिले, तर पंख्याची घरघर व वाहनांचा गोंगाटही वाढतो आणि बारीक व्यंजने त्याखाली दबतात. म्हणून ऑडिओग्राम काढून, ज्या पट्टीत जशी उणीव तशी वाढ ठरवतात.

मग 60 डेसिबलची उणीव असल्यास 60 डेसिबल वाढवावेत का? नाही. या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मोठाच भासतो. ढोबळ नियम असा, की उणिवेच्या सुमारे निम्मी, म्हणजे 30 डेसिबल वाढ द्यावी. जास्त दिल्यास बोलणे कर्कश लागते, यंत्र शिटी मारते आणि यंत्राची मर्यादा संपली की आवाज फाटतो. फाटक्या आवाजात शब्द पुन्हा हरवतात.

डिजिटल यंत्रे हळू आवाज जास्त व मोठा आवाज कमी वाढवतात. पण हेही अति झाले तर मागचा गोंगाट वर येतो आणि बोलण्यातील चढउतार पुसट होतात. शिवाय ज्या पट्टीतल्या पेशी पूर्ण नष्ट झाल्या, तेथे कितीही वाढ दिली तरी अर्थबोध होत नाही.

म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

1. दुसऱ्याचे यंत्र वापरू नये. तपासणी करूनच यंत्र घ्यावे.

2. प्रथम शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना वापरावे. सवयीला काही आठवडे लागतात.

3. शिटी वाजल्यास कानातील मळ व साचा तपासून घ्यावा.

4. आवाज फाटतो, टोचतो की घुमतो, हे श्रवणतज्ज्ञास नेमके सांगावे. यंत्र पुन्हा जुळवता येते. कंटाळून कपाटात ठेवू नये.

अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाल्यास मात्र यंत्राचा विचार न करता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.