अग्निसूचना व अग्निशमन यंत्रणांचे काम : पदविका आणि परवाना यांतील अंतर

इमारतीत बसवलेल्या अग्निसूचना आणि अग्निशमन यंत्रणांचे काम म्हणजे अग्निशमन दलातील नोकरी, अशी समजूत पालकांमध्ये सर्रास आढळते. दलाच्या भरतीत उंची, छाती आणि धावणे यांना महत्त्व असते, तर यंत्रणांच्या क्षेत्रात विद्युत परिपथ, नळांतील पाण्याचा दाब आणि नकाशावाचन यांवर उमेदवाराची योग्यता ठरते.

महाराष्ट्रात या कामाचा कायदेशीर पाया 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम हा आहे. त्यानुसार यंत्रणा बसवून ती सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर येते, आणि ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे व्यवहारातला ‘फॉर्म बी’, दर जानेवारीत व जुलैत परवानाप्राप्त अभिकरणाकडून घ्यावे लागते. हा परवाना राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांकडून अभिकरणाला मिळतो. त्यामुळे एखादी अल्पमुदतीची ‘फायर अँड सेफ्टी’ पदविका हाती आली की इमारती प्रमाणित करण्याचा अधिकार मिळतो, असे सुचवणारी जाहिरात सरळसरळ दिशाभूल करणारी असते.

अशा पदविकेपेक्षा तंत्रनिकेतनातील विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स किंवा यंत्र शाखेची पदविका, अथवा आयटीआयमधील वीजतंत्री, तारतंत्री किंवा जोडारी हा व्यवसाय अधिक भरवशाचा ठरतो. पूर्ण पदवीच हवी असल्यास नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात अग्नि अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम आहे.

मूळ शाखेचे ज्ञान का लागते, हे प्रत्यक्ष कामात दिसते. स्प्रिंकलरच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची बारीक कुपी असते. द्रव लाल असेल तर ती सुमारे 68 अंश सेल्सिअसला फुटते आणि तेवढ्याच तोंडातून पाणी सुटते, सगळ्या मजल्यावर नव्हे (चित्रपटांनी याबाबत बराच गैरसमज पसरवला आहे). पाणी सुटताच नळांतील दाब उतरतो. किरकोळ गळती भरून काढणारा छोटा जॉकी पंप अपुरा पडतो आणि दाब ठरावीक पातळीखाली जाताच मुख्य पंप आपोआप सुरू होतो. या साखळीतील एक झडप बंद राहिली किंवा पंपाची कळ ‘ऑटो’वरून हलवलेली राहिली, तर सगळा खर्च वाया जातो, आणि नेमके तेच हेरणे हे तपासनिसाचे काम असते. सूचना यंत्रणेसाठी आयएस 2189 आणि स्प्रिंकलरसाठी आयएस 15105 ही भारतीय मानके त्याला वारंवार चाळावी लागतात; शिवाय विशिष्ट कंपनीचे पॅनेल हाताळण्याचे प्रशिक्षण बहुधा नोकरीतच मिळते.

परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी अमेरिकेतील ‘नाइसेट’ या संस्थेची पद्धत उद्बोधक आहे. तेथे अग्निसूचना यंत्रणांसाठी चार स्तर असून वरचा स्तर केवळ परीक्षेने मिळत नाही, तर प्रत्यक्ष अनुभव आणि वरिष्ठांनी केलेली त्याची पडताळणी आवश्यक असते. म्हणून पहिल्या नोकरीपासूनच कामाचे ठिकाण, यंत्रणेचा प्रकार, कालावधी आणि स्वतः केलेले काम यांची नोंद ठेवून तीवर पर्यवेक्षकाची स्वाक्षरी त्याच वेळी घेणे शहाणपणाचे ठरते, कारण वर्षांनंतर ती मागायला गेल्यास कंपनी बदललेली असते आणि पर्यवेक्षकही.