काँक्रीटच्या फरशीला डाय : वरचा रंग आणि आतली ओल

दुकानाची, गोदामाची किंवा कारखान्याची काँक्रीटची फरशी उखडायची नाही, तिच्यावर टाइल्सही बसवायच्या नाहीत, आहे तीच घासून, रंगवून चकचकीत करून घ्यायची, अशी कामे आता आपल्याकडेही निघू लागली आहेत. आमच्या वाचकांत पॉलिशचे मशीन चालविणारे आहेत, कोब्याची कामे घेणारे गवंडी आहेत, रंगकाम करणारे आहेत. भिवंडी-मालेगावकडे लूमचे आणि गोदामांचे मालक आहेत, जे असे काम स्वतः करवून घेतात. काम करणारा आणि करवून घेणारा, दोघांच्याही उपयोगी पडेल म्हणून आम्ही या वेळी हा विषय घेतला आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. गिऱ्हाईक नुसते 'रंग' म्हणते. पण काँक्रीटला रंग येण्याचे चार मार्ग आहेत आणि चारींचा स्वभाव निराळा आहे. ऑइल पेंट किंवा इपॉक्सी फरशीच्या वर थर होऊन बसते. ऑक्साईडची पूड सिमेंटमध्येच कालवली जाते. आपल्या जुन्या घरांतला लाल कोबा तो हाच. त्यात सिमेंटच्या वजनाच्या साधारण ५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला अडीच किलो पूड पुरते आणि १० टक्क्यांच्या पुढे गेल्यास फरशी कच्ची राहते. तिसरा मार्ग ॲसिड स्टेनचा. त्यातील धातूंचे क्षार काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावून डागाडागांचा रंग देतात. चौथा मार्ग म्हणजे डाय. डायचे कण इतके बारीक असतात की ते पाण्यात किंवा ॲसिटोनमध्ये विरघळून काँक्रीटच्या छिद्रांत शिरतात आणि तिथेच बसतात. थर नाही, संयोगही नाही. रंगरेज ज्याप्रमाणे कापडाला रंग पाजतो, त्याचप्रमाणे हे काम आहे. आणि कापड जेवढे पिईल तेवढाच रंग घेणार, हा रंगरेजाचा नियम इथेही लागू आहे.

मात्र कापडाचा डाय स्वस्त मिळतो म्हणून तो फरशीवर वापरून पाहण्याचा मोह कोणी करू नये. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. साबणातील खार हळदीचा रंग बदलतो. काँक्रीटमध्ये तर सिमेंटमुळे चुन्याचा खार साबणापेक्षा कितीतरी तीव्र असतो. जो रंग या खारात टिकत नाही तो आज निळा दिसेल आणि काही दिवसांनी भलताच होईल. म्हणून डबीवर काँक्रीटसाठी असे स्पष्ट लिहिलेलाच माल घ्यावा. काही डाय उन्हातही उडतात. शटरसमोरची चार-पाच फूट पट्टी, जिथे रोज ऊन येते, तिथे उन्हात टिकणारा म्हणून विकला जाणाराच डाय लागतो. तो नसेल तर ती पट्टी साधी राखलेली बरी.

आता मुख्य गोष्ट. डायचे काम बिघडते ते बहुधा रंगामुळे नव्हे, तर फरशीच्या आतल्या ओलीमुळे.

आमच्या परिचयातील एका कारागिराने एप्रिल महिन्यात तळमजल्यावरील एका दुकानाची फरशी केली. घासाई उत्तम, गडद तपकिरी डाय, वर चमकदार लेपाचे दोन हात. मालक इतका खूश झाला की त्याने शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवली. जुलैमध्ये फरशीवर पांढरे ढग दिसू लागले, ऑगस्टमध्ये लेपाचे पापुद्रे निघाले आणि खाली पांढरा खार फुटलेला दिसला. राहिलेली रक्कम मालकाने दिली नाही, आणि दोघांचे बोलणेही बंद झाले. कारागीर आजही म्हणतो की माल खराब निघाला. आम्हाला तसे वाटत नाही. ती फरशी थेट मातीवर होती, खाली प्लॅस्टिकचा कागद घातलेला नव्हता. पावसाळ्यात जमीन भिजली, ओल काँक्रीटमधून वर चढली, येताना सोबत क्षार घेऊन आली आणि लेपाखाली अडकली. एप्रिलमधली कोरडी फरशी पाहून त्याने काम घेतले. जुलैची फरशी कशी असेल, हे त्याने विचारलेच नाही. त्याची नियत चांगली होती, पण गिऱ्हाइकाचे नुकसान त्यामुळे काही कमी झाले नाही.

ओल ओळखण्याची तपासणी सोपी आणि जवळजवळ फुकट आहे. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट लांब, दीड फूट रुंद तुकडा फरशीवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवावा. किमान १६ तास तसाच ठेवावा, म्हणजे संध्याकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी दहा-अकरानंतर उघडावा. प्लॅस्टिकच्या आतून थेंब जमले असतील किंवा खालची फरशी काळवंडली असेल तर आत ओल आहे. दर ५०० चौरस फुटांना असा एक तुकडा लावावा. कोपऱ्यात आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत तर नक्कीच. नवीन काँक्रीट असेल तर २८ दिवसांच्या आत डायचे नाव काढू नये. त्यानंतरही जाडीच्या प्रत्येक इंचाला एक महिना हा सुकण्याचा ढोबळ हिशेब धरावा, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तोही पुरत नाही.

पण ही तपासणी फक्त त्या दिवसाचे सांगते. उन्हाळ्यात ती पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नये. भिंतींचा खालचा एक-दोन फूट भाग पाहावा. तिथे रंगाचे पोपडे किंवा खार दिसला तर पावसाळ्याची खबर तीच देते. मालकाला, आणि शक्य असल्यास शेजारच्या दुकानदारालाही, विचारावे की पावसाळ्यात फरशीवर ठेवलेले खोके खालून दमट होतात का. होत असतील तर थर होऊन बसणारा चमकदार लेप त्या फरशीवर द्यायचा नाही. घासून, सिलिकेटचे द्रावण मुरवून, नुसते पॉलिश केलेली फरशी ओलीची वाफ बाहेर जाऊ देते. तीवर खार आला तरी तो पुसता येतो, पापुद्रा निघत नाही. चमक थोडी कमी मिळेल, आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगावे लागेल.

या ठिकाणी आम्हाला सहीह मुस्लिममध्ये आलेला बाजारातील प्रसंग आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा वरून कोरड्या दिसणाऱ्या राशीत आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्याला विचारले गेले की भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही. आपल्या वाचकांना हा प्रसंग नवा नाही. परंतु तो फक्त धान्याच्या व्यापाऱ्यासाठी आहे असे समजून कारागीर बाजूला होतो, असा आमचा अनुभव आहे. पाऊस त्या विक्रेत्याने पाडला नव्हता, तसेच फरशीखालची ओल कारागिराने आणलेली नसते. पण ती ठाऊक असून, किंवा ठाऊक करून घेणे हातात असून, वर चमकदार लेप मारून पैसे घेणे यात आणि त्या राशीत फारसा फरक नाही. शिवाय मालात ऐब निघाला तर तो परत करण्याचा हक्क शरीअतने खरीददाराला दिला आहे. फरशी मात्र परत करता येत नाही. म्हणून ऐब सांगायचा तर कामापूर्वीच.

दुसरे ऐबही आधी दाखवावेत. डाय काही झाकत नाही, उलट उघडे पाडतो. चिरेत तो जास्त मुरतो आणि चीर काळी रेघ होऊन दिसते. मागे कधी ठिगळ मारले असेल तर तिथले सिमेंट निराळे, म्हणून छटाही निराळी येते. तेलाचे, टाइल्सच्या गोंदाचे डाग असतील तिथे रंग धरतच नाही. एक जुनी युक्ती सांगतो : घासाई झाल्यावर फरशी पाण्याने सारखी ओली करावी आणि मालकाला उभे करून दाखवावी. ओल्या फरशीत ठिगळे, चिरा आणि डाग ठळक दिसतात, आणि डायनंतरच्या दृश्याचा बराच अंदाज येतो. नापसंत असेल तर त्याने तेव्हाच सांगावे.

त्यानंतर नमुना. कोपऱ्यात १० चौरस फूट जागेवर घासाईपासून पॉलिशपर्यंत पूर्ण काम करून दाखवावे. डबीवरच्या चित्रावरून कधीही रंग ठरवू नये, कारण प्रत्येक काँक्रीटचा स्वतःचा करडेपणा असतो आणि डाय पारदर्शक असतो. नमुन्याला किती द्रावण लागले तेही मोजावे. समजा एका हाताला १०० मिलीलिटर लागले, तर १००० चौरस फुटांना १० लिटर, दोन हातांना २० लिटर. सांडलवंडीचे दोन लिटर वेगळे धरावेत. सर्व रंग कामाच्या आधी एकाच वेळी, एकाच भांड्यात एकत्र करून घ्यावा. दोन वेळा कालवलेल्या रंगांत फरक हमखास दिसतो.

हे सारे कागदावर घ्यावे. सूरह अल-बकराची २८२ वी आयत, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. आपले कारागीर मात्र लाखाचे काम तोंडी ठरवितात. घासाई, डाय, सिलिकेट, पॉलिश किंवा लेप यांचे दर वेगळे लिहावेत. ओलीच्या तपासणीत काय आढळले, चिरा आणि ठिगळे कुठे आहेत, उन्हाच्या पट्टीचे काय ठरले, हे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. वर सांगितलेल्या दुकानात असा कागद असता तर मालकाने कदाचित लेपच घेतला नसता.

प्रत्यक्ष कामाविषयी थोडक्यात. आधी पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. थेंब मोत्यासारखे वर राहिले तर फरशीवर जुना लेप किंवा मेण आहे, डाय आत जाणार नाही. पाणी मुरून जागा काळवंडली तर छिद्रे उघडी आहेत. घासाई ८० नंबरपासून चढत २०० किंवा ४०० पर्यंत नेऊन मग डाय देतात. याहून बारीक घासल्यास छिद्रे बंद होऊ लागतात आणि रंग फिका बसतो. सिलिकेट डायच्या आधी की नंतर, हे माल बनविणाऱ्याच्या पत्रकाप्रमाणे ठरवावे. कोरडी घासाई करताना जी धूळ उडते ती फुप्फुसाचा कायमचा रोग देते. रुमाल बांधून ती थांबत नाही, धूळ ओढणारे मशीन आणि योग्य मास्क पाहिजे.

डाय फवारताना धार सारखी पुढे न्यावी आणि ओली कड सुकू देऊ नये, नाहीतर जोडाची रेघ उमटते. ॲसिटोन उन्हाळ्यात मिनिटभरात उडते, म्हणून मे महिन्यात फज्रनंतर लगेच काम सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावे. सुकल्यावर वर राहिलेली भुकटी मऊ झाडूने आणि फडक्याने काढावी. पांढरे फडके घासून ते जवळजवळ स्वच्छ राहीपर्यंत पुढचा हात देऊ नये, कारण हीच भुकटी नंतर गिऱ्हाइकाच्या चपलांना लागते.

ॲसिटोनविषयी मात्र आम्ही कडकपणे सांगू. ते पेट्रोलसारखे पेटते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून दूरवर सरकते आणि लांबची ठिणगीही तिला पुरते. लूमच्या शेडमध्ये मोटारी चालू ठेवून हे काम करता येणार नाही. मेन स्विच काम सुरू होण्याआधी बंद करावा, मध्येच चालू-बंद करू नये. बिडी, अगरबत्ती, शेजारचा चहाचा स्टोव्ह, सर्व बंद. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. शेतीच्या साध्या फवारणी पंपाचे रबर ॲसिटोनमध्ये फुगते. ॲसिटोनला चालणारा म्हणून मिळणारा पंपच घ्यावा. हातमोजे ब्युटाइल रबराचे हवेत. बंदिस्त किंवा हवा न खेळणाऱ्या जागी पाण्यात विरघळणारा डाय वापरावा; तो सुकायला वेळ घेतो एवढेच.

कधी कधी मशिदीचे विश्वस्त वुजूखान्यासाठी अशी फरशी विचारतात. आमचा सल्ला नकाराचा आहे. तिथे सदा पाणी असते, घासून गुळगुळीत केलेली फरशी ओली झाली की पाय घसरतो, आणि येणाऱ्यांत म्हातारी माणसे बरीच असतात. तिथे खरबरीत दगडच बरा.

काम सोपविताना मालकाला दोन गोष्टी द्याव्यात. एक, उरलेल्या डायची पूड कोरड्या बंद डबीत, रंगाचे नाव आणि प्रमाण लिहून. पुढे डागडुजीला तीच लागते. दुसरे, साफसफाईची सूचना. साधे पाणी आणि सौम्य साबण पुरे. टाइल्स धुण्यासाठी बाजारात जे ॲसिड मिळते ते या फरशीवर एकदा जरी ओतले तरी सिमेंट खाल्ले जाते आणि तेवढा रंग निघून येतो. झाडूवाल्या मुलाला हे मालकासमोरच सांगून ठेवावे, कारण बाटली त्याच्याच हातात असते.